जावई फ्रीजमध्ये

आमच्या कारखान्यात पाय तयार व्हायचे. हातही व्हायचे, पण थोडे. एका हाताने माणूस कसंबसं निभावून नेतो, एका पायावर मात्र फार वेळ तग धरत नाही, असं आमचे साहेब म्हणायचे. लांबलचक पत्र्याची शेड होती. एका टोकाला माप घ्यायची खोली, मधोमध माझं प्लास्टर कालवायचं टेबल, बाजूच्या खिडकीखाली पाय बांधायचे पट्टे शिवणाऱ्याचं मशीन, त्याच्या पुढे साचे कोरायचं यंत्र, आणि दुसऱ्या टोकाला, जिथे पत्रा संपून पक्कं छत सुरू व्हायचं, तिथे आत्यांची खोली. अख्ख्या शेडमध्ये पांढरी धूळ नाही अशी तेवढी एकच जागा. माझ्या पापण्यांवर धूळ, साहेबांच्या चहात धूळ, पण आत्यांच्या उंबऱ्यापाशी आली की ती धूळसुद्धा बिचकून परत फिरायची.

आत्या आमच्यातल्या कोणाच्याच सख्ख्या आत्या नव्हत्या. पण ज्या हाताने डोक्यावरून हात फिरवायच्या त्याच हाताने कान पिळायच्या, त्यामुळे दुसरं नातं शोभलंच नसतं. एकतीस वर्षं त्यांनी त्या खोलीत मापांचे कागद सांभाळले होते. प्रत्येक पायाचं एक कार्ड, कार्डावर घेर, उंची, कुठे दुखतं, कुठे बरं वाटतं. वीस वर्षांपूर्वी पाय घेऊन गेलेला माणूस दारात उभा राहिला तर त्या नाव विचारायच्या नाहीत. म्हणायच्या, "दोन पावलं चाला बरं." तो चालायचा. "हं. उजवा, गुडघ्याखाली, जरा आत वळतो. बसा." आणि चहा गार व्हायच्या आत कार्ड हजर.

मग ती पेटी आली.

मापं आता टेपने नाही, एका दिव्यासारख्या यंत्राने घ्यायची होती. यंत्र उरलेल्या पायाभोवती फिरवलं की पायाचं चित्र संगणकात उतरायचं, आणि त्या चित्रावरून साचा कोरला जायचा. ही सगळी चित्रं राहणार कुठे, तर एका काळ्या पेटीत. दिसायला बुटांच्या खोक्याएवढी, पुढे चार दिवे. धूळ नको आणि दाराला कुलूप हवं, म्हणून ती आत्यांच्या खोलीत बसली. बसवायला आलेला माणूस दहा ते बारा शिकवून गेला. आत्यांनी त्याचं बोलणं वहीत आपल्या भाषेत उतरवून घेतलं. ती वही मी पाहिली आहे. पहिल्या पानावर लिहिलं होतं: हिरवा दिवा, सुखात आहे. हिरवा लुकलुकला, जेवतो आहे. लाल लागला, त्या माणसाला फोन, आणि उचलला नाही तर परत फोन.

पेटीत कप्पे होते. मापांचा, म्हणजे पायांच्या चित्रांचा कप्पा, पट्ट्यांच्या चित्रांचा कप्पा, पत्रांचा कप्पा. शेडमधल्या पाचही संगणकांवर ते दिसायचे. पाच घरांच्या खिडक्यांतून एकच विहीर दिसावी, तसे. बादली कोणीही टाकावी, पाणी तेच.

पेटीतल्याची नक्कल ठेवायला बाहेरच्या दोन डिस्क होत्या, साबणाच्या वडीएवढ्या. एक पेटीला जोडलेली असायची; रोज संध्याकाळी सात वाजता पेटी आपलं सगळं तिच्यावर उतरवायची. दुसरी आत्यांच्या घरी. शनिवारी दुपारी पेटीला आधी नक्कल उतरवायला लावून मग अदलाबदल: जोडलेली घरी जायची, घरची जोडली जायची.

"घरी कशाला?" साहेबांनी एकदा विचारलं होतं.

"उद्या शेड जळली तर?"

"आत्या, शेड जळली तर पाय करायचे कुठे?"

"झाडाखाली करा. पण मापं पाहिजेत ना? माणसांचे पाय काही शेडमध्ये नाहीत जळायला, ते आपापल्या घरी असणार."

आत्यांपुढे साहेबांचं बोलणं नेहमी दुसऱ्या वाक्यालाच संपायचं.

आत्यांच्या यजमानांना आम्ही अर्थातच आतोबा म्हणायचो. बस चालवून निवृत्त झालेले, शांत, स्थूल गृहस्थ. शनिवारी दुपारी बायको रुमालात गुंडाळलेली डिस्क दोन्ही हातांनी धरून घरात शिरते, ती कपाटात लोकरीच्या कपड्यांवर अलगद ठेवते, घरात कोणी दार आपटलं तरी डोळे वटारते, हे बघून त्यांनी डिस्कचं नाव ठेवलं: जावई. "जावई आले का? प्रवासात त्रास नाही ना झाला? त्यांना उकडत असेल, पंखा लावू का?" दोन डिस्क म्हणून थोरला जावई आणि धाकटा जावई. आत्या चिडायच्या आणि मग महिन्याभराने स्वतःच म्हणायला लागल्या, "आज थोरल्याला न्यायचंय, रुमाल कुठाय?"

आता फूटपट्टीबद्दल सांगितलं पाहिजे. माप घेणारा आमचा माणूस, तिशीतला, उंच, सरळ, शर्टाच्या खिशात कायम स्टीलची पट्टी, म्हणून हे नाव. पायाच्या बाबतीत तो केसाएवढी चूक करायचा नाही. पायाबाहेरच्या जगात मात्र त्याची सगळी मापं चुकायची. सायकल दुसऱ्याची घेऊन जायचा, डबा तिसऱ्याचा उघडायचा, आणि दोन्ही वेळा इतक्या निष्पापपणे म्हणायचा, "अरे, मला वाटलं माझंच," की मारायला उचललेला हात खाली यायचा.

आणि ती शिंपीणबाई. तिचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. गावात तिचं शिवणकाम, घर त्याच्यावर चालणारं. चालायला तिला कुबडी पुरत होती. पण पायमशीन कुबडीने चालत नाही. चार महिने ती आमच्याकडे येत होती. पाय ज्यात बसतो त्या भागाला आम्ही पेला म्हणायचो. तिचे तीन पेले करून झाले होते आणि तिन्ही टोचले होते. मशीन चालवताना पाऊल टाचेवरून पंजावर, पंजावरून टाचेवर सारखं डुलतं. उभं राहून बरोबर वाटणारा पेला तिथे दहा मिनिटांत साल काढायचा. फूटपट्टीने तिच्या चित्रावर चार महिने हात फिरवून फिरवून ते जुळवत आणलं होतं. चौथा पेला बुधवारी व्हायचा होता. दर खेपेला ती चार तास बसमध्ये बसून यायची आणि सहाच्या शेवटच्या बसने परत जायची. मागच्या खेपेला जाताना म्हणाली होती, "या वेळी नाही जमलं तर मशीन विकते. गिऱ्हाईक विचारून गेलंय." रडून नाही, साधं.

मंगळवारी काय झालं ते आम्हाला बुधवारी कळलं, पण सांगतो क्रमानेच.

मंगळवारी संध्याकाळी फूटपट्टीच्या संगणकाने तक्रार केली की जागा संपत आली. फूटपट्टीने बघितलं तर मापांचा कप्पा भलामोठा, तीनशे चाळीस माणसांचा. त्याला वाटलं, पेटीतलं पेटीत असणार, माझ्या पडद्यावर दिसतंय ती माझी प्रत. प्रत्येकाला आपापली दिलेली दिसते. मग मी कशाला ठेवू? आणि त्याने अख्खा कप्पा निवडून पुसून टाकला. पुसायला अकरा मिनिटं लागली. तो समोर बसून समाधानाने बघत होता, घर आवरल्यासारखा. संपल्यावर बघितलं तर संगणक म्हणतोय, जागा अजून कमीच. "भंगार यंत्र," असं म्हणून तो दुसऱ्याची सायकल घेऊन घरी गेला.

सात वाजता पेटीने, रोजच्या शिस्तीने, आपल्यात जे आहे ते जोडलेल्या धाकट्या जावयावर उतरवलं. आणि जे आपल्यात नाही, ते त्याच्यावरूनही पुसून टाकलं. तशी सोय आत्यांनीच करून ठेवली होती. बसवणाऱ्या माणसाने विचारलं होतं, "नक्कल अगदी हुबेहूब हवी का, की जुनं राहू द्यायचं?" आत्या म्हणाल्या होत्या, "हुबेहूब. पेटीत एक आणि नकलेत दुसरं, असला गबाळा कारभार माझ्या खोलीत नको."

बुधवारी नऊच्या सुमाराला शिंपीणबाई येऊन बाकावर बसली. गळ्यात टेप, कुबडी भिंतीला टेकवलेली. फूटपट्टीने तिचं चित्र काढायला कप्पा उघडला. मग दुसऱ्या संगणकावर उघडला. मग तिसऱ्यावर. मग तो माझ्या टेबलाशी आला. त्याचा चेहरा माझ्या प्लास्टरपेक्षा पांढरा झाला होता.

"सगळ्यांची प्रत एकदम कशी गेली?" तो म्हणाला.

मी म्हटलं, "आत्यांना सांग."

"तुम्ही सांगा ना."

"मी प्लास्टर भिजवलंय, घट्ट होईल."

शेवटी तो गेला, आणि प्लास्टर तसंच सोडून मीही मागोमाग. काही हरवलं म्हणून आत्यांच्या खोलीत शिरायचं तर चिठ्ठी द्यावी लागायची. काय हरवलं, शेवटचं कधी पाहिलं, हात कोणाचा लागला. साहेबांनाही सूट नव्हती. फूटपट्टीने चिठ्ठी दिली. आत्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचली.

"काय हरवलं: सगळं. शेवटचं कधी पाहिलं: पुसताना. हात कोणाचा: माझा." त्यांनी चष्मा काढला. "चिठ्ठी मात्र छान भरलीस रे. पहिल्यांदाच एकही चूक नाही."

तो उभ्या उभ्या रडायच्या बेताला आला. आत्या म्हणाल्या, "रडू नकोस, इथे ओल चालत नाही. नक्कल आहे ना." आणि त्यांनी धाकटा जावई उघडून बघितला. तो स्वच्छ होता. पत्रं होती, पट्ट्यांची चित्रं होती, आणि मापांच्या जागी घासूनपुसून लख्ख केलेली रिकामी जागा.

त्यांनी बसवणाऱ्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "घाबरू नका, पेटीची कचरापेटी असते. पुसलेलं आधी तिच्यात जातं."

"ती मी बंद केली."

"का?"

"माझ्या खोलीत कचरा?"

आत्यांच्या आयुष्यात स्वच्छतेने त्यांना पहिल्यांदाच दगा दिला होता. त्या खुर्चीत बसल्या आणि एकतीस वर्षांत प्रथमच मी त्यांना पाठ टेकताना पाहिलं. मग एकदम ताठ झाल्या. "थोरला घरी आहे! शनिवारी गेलाय. शनिवारपर्यंतचं सगळं त्याच्यात असणार." आणि घरी फोन.

"अहो, जावई आणा. आत्ताच्या आत्ता."

"कुठे?" आतोबांचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता.

"इथे, कुठे म्हणजे काय! कपाटातून काढा, रुमालात..."

"कपाटात नाहीत ते."

"मग?"

"फ्रीजमध्ये आहेत."

आम्ही तिघंही फोनकडे बघत राहिलो.

"अगं, त्या खोक्यावर लिहिलंय ना, थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवावे. दोन दिवस घर कसं तापलंय. कपाटाला हात लावला तर चटका. थंड जागा घरात एकच आहे. कोरडं म्हणून त्यांना घट्ट झाकणाच्या डब्यात घातलं. दह्याशेजारी."

"आणि अंधार?" आत्यांनी दातांवर दात ठेवून विचारलं.

"दार लावलं की दिवा जातो. मी फटीतून बघितलं."

आत्यांनी डोळे मिटले. आम्हाला वाटलं, आता काय होतंय. पण बाई मोठी. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर लगेच पाणी धरतं, हे तिला आठवलं. "ऐका," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "डबा उघडायचा नाही. झाकणाला हातसुद्धा लावायचा नाही. आहे तसा डबा पिशवीत घाला आणि निघा. आणि जरा पटकन."

शेवटचा शब्द वाया गेला. तीस वर्षं चाळीस माणसं मागे बसवून गाडी हाकलेला माणूस, त्याला पटकन हा शब्द माहीत नव्हता. अर्ध्या तासाचं अंतर आतोबा स्कूटरवरून सव्वा तासात आले. रिकाम्या चौकातही थांबले. वाटेत एका ओळखीच्या म्हाताऱ्याला मागे बसवून त्याच्या दारात सोडलं. शेडमध्ये शिरले तेव्हा डबा छातीशी धरलेला, चेहऱ्यावर मोठ्या कामगिरीचं तेज.

"एक धक्का बसू दिला नाही," ते म्हणाले.

बसवणाऱ्या माणसाला पुन्हा फोन. तो म्हणाला, "गार डिस्क लगेच जोडलीत तर आत दव धरेल आणि संपलं. डबा तसाच बंद ठेवा. खोलीएवढा कोमट झाला की उघडा. दोन-अडीच तास."

अकरा वाजले होते.

त्या अडीच तासांसारखे तास मी शेडमध्ये दुसरे पाहिले नाहीत. आत्यांच्या टेबलावर मधोमध तो स्टीलचा डबा, आणि भोवती आम्ही. साहेब आले, त्यांना सगळं सांगितलं, तेही खुर्ची ओढून बसले. घासायचं यंत्र बंद ठेवलं, हादरे नकोत म्हणून. जो तो टाचा उचलून चालत होता. आजाऱ्याच्या खोलीत बसावं तसे सगळे कुजबुजत होते. डब्याच्या बाहेरून पाण्याचे थेंब धरले, आत्या रुमालाने टिपत होत्या. आतोबा मधूनच डब्याला हाताची पाठ लावून बघायचे आणि मान हलवायचे, ताप उतरला नाही अशी.

शिंपीणबाई सगळं बघत होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगायची जबाबदारी जो तो दुसऱ्यावर ढकलत होता. शेवटी तिनेच विचारलं, "त्या डब्यात काय आहे हो?"

आत्या म्हणाल्या, "तुमचा पाय."

"डब्यात?"

"डब्यात. चार महिन्यांचा. इथला आमच्या हातून गेला. त्यात निघाला तर आज पेला होईल, नाही निघाला तर पहिल्यापासून माप."

शिंपीणबाईने डब्याकडे पाहिलं, मग आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे. "पहिल्यापासून मी येणार नाही," ती म्हणाली. "चार महिने पुष्कळ झाले. गिऱ्हाइकाला रविवारी बोलावलंय." एवढं बोलून तिने पिशवीतून कोणाचं तरी पोलकं काढलं आणि काजं करायला बसली. सुई वर जायची, खाली यायची. त्या शांततेत दोऱ्याचासुद्धा आवाज येत होता.

फूटपट्टी कोपऱ्यात उभा होता. त्याला बसायला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याची विचारायची हिंमत नव्हती.

दीड वाजता आत्यांनी डब्याला गाल लावला. "कोमट," त्या म्हणाल्या. झाकण उघडलं. डिस्क कोरडी ठणठणीत. दह्याचा जरासा वास. आत्यांनी ती उचलली, तार जोडली, आणि तारेचं दुसरं टोक पेटीच्या खाचेकडे नेलं. टोक खाचेपासून बोटभर अंतरावर असताना कोपऱ्यातून आवाज आला.

"आत्या... शनिवारी तुम्ही डिस्क लावता तेव्हा ती पेटी वाजते ना?"

"मधे बोलू नकोस."

"नाही, म्हणजे... वाजते आणि लगेच जेवायला लागते. आपोआप. आज लावल्यावर पण तसंच करणार का?"

आत्यांचा हात जिथे होता तिथे थांबला.

मला ते कळायला थोडा वेळ लागला, म्हणून तुम्हालाही सांगतो. डिस्क लागली की सात वाजायची वाट न बघता पेटी तिच्यावर लगेच नक्कल उतरवायची. तेही आत्यांनीच सांगून ठेवलेलं. पेटीत मापं नव्हती. म्हणजे पेटीने थोरल्या जावयालाही आपल्यासारखं हुबेहूब केलं असतं. लख्ख.

आत्यांनी तारेचं टोक हळूच टेबलावर ठेवलं, जिवंत विंचू ठेवावा तसं. "सकाळी दहाला हे माझ्या हातात असतं," त्या म्हणाल्या, "तर मी विचार न करता खुपसलं असतं." मग त्यांनी वळून नवऱ्याकडे पाहिलं.

"बघा," आतोबा म्हणाले, "मी काही उगीच ठेवत नाही फ्रीजमध्ये."

"तुम्ही गप्प बसा."

"बसतो. पण अडीच तास कोणी मिळवून दिले?"

"बसा म्हटलं ना!"

आत्यांनी आधी नक्कल उतरवायचं काम थांबवलं. दोनदा थांबवलं, एकदा स्वतः आणि एकदा फूटपट्टीकडून वाचून घेऊन. मग डिस्क जोडली. पेटी वाजली आणि नुसतीच लुकलुकली. पुन्हा फोन लावला, तर बसवणारा माणूस म्हणाला, "आता सगळं परत आणा असं बटण आहे, ते दाबा, झालं."

"सगळं म्हणजे पत्रं आणि पट्ट्यांची चित्रंसुद्धा?"

"हो, सगळं शनिवारसारखं होईल."

"सोमवार-मंगळवारी लोकांनी केलेलं काम जाईल ना मग? नव्या कार्डांवर जुनी कार्डं ओतायला मी काय वेडी आहे का? तुम्ही ठेवा फोन." आणि त्यांनी बाजूला नवा कप्पा काढला, त्याला नाव दिलं 'परत आलेले', आणि त्यात फक्त मापं आणायला सुरुवात केली. तीनशे चाळीसांतला पहिला नंबर शिंपीणबाईचा.

पडद्यावर तिचा पाय उमटला. करडा, गुळगुळीत, हळूहळू फिरणारा. फूटपट्टी खाली वाकून बघत राहिला आणि साहेबांनी त्याला पाणी दिलं.

"आता ऐक," आत्या त्याला म्हणाल्या. सगळे ऐकत होते, साहेबसुद्धा. "पुसलंस तू. पण नकलेला पुसायला मी शिकवलं, कचरापेटी मी बंद केली. सारखं करणं आणि जपून ठेवणं यातला फरक या वयात मला आज कळला. चूक अर्धी तुझी, अर्धी माझी."

"हो, आत्या."

"ओरडा मात्र पूर्ण तुलाच. संध्याकाळी."

"हो, आत्या."

पण काम अजून संपलं नव्हतं. फूटपट्टीने पडद्यावर नडगीच्या जागी बोट ठेवलं. चित्र शनिवारचं होतं. आणि मंगळवारी सकाळी शिंपीणबाईचा फोन आला होता, की जुना पेला नडगीच्या बाहेरच्या अंगाला दाबतो. त्याने तिथे चित्र थोडं सैल केलं होतं. ते सैल करणं मंगळवारचं. ते कुठल्याच जावयाजवळ नव्हतं.

"किती सैल केलं होतंस?" साहेबांनी विचारलं.

"एक सूत. नाही... दीड. दीड होतं बहुतेक."

"बहुतेक?"

खिशातल्या पट्टीशी त्याची बोटं चाळा करत होती. पायाच्या बाबतीत त्याने बहुतेक हा शब्द आजवर उच्चारला नव्हता.

शिंपीणबाईने सुई पोलक्यात टोचून ठेवली. "पाय माझा आहे की तुमचा?" ती म्हणाली. "आणि मापं घ्यायचा धंदा तुमच्या एकट्याचाच आहे का?" तिने गळ्यातली टेप काढली, घडी केलेलं पातळ बाजूला सारलं, उरलेल्या पायावर बोटाने दाबत दाबत जागा शोधली आणि पिशवीतल्या खडूने तिथे फुली मारली. "इथे दोन सूत सोडा. एक सोडलंत तर टोचेल. आणि मागे, पोटरीच्या वर, अर्धं सूत आवळा, नाहीतर मशीनवर पाय आत फिरतो. तीन पेले बोलले नाही, म्हटलं तुम्ही शिकलेले."

"पण मग आधी सांगायचं ना, ताई!" फूटपट्टी जवळजवळ ओरडला.

"तुम्ही विचारत होता, कुठे दुखतं. किती सोडू, असं विचारलंत कधी?"

फूटपट्टीने पट्टी खिशात टाकली, तिच्या शेजारी स्टूल ओढून बसला, आणि तिने सांगावं, त्याने चित्रात करावं, असं अर्धा तास चाललं. कपडा बेतायला बसल्यासारखी ती मधूनच म्हणायची, "आता जरा तिरपं घ्या. हं. नको, फार घेतलंत."

यंत्राने साचा कोरला. मी तो माझ्या हाताने पुसून घेतला. त्याच्यावर पेला चढला, गार झाला, कडा घासल्या. तोपर्यंत आत्या फोनवर होत्या. त्या माणसाकडून कचरापेटी सुरू करून घेत होत्या, जुनं तीन महिने राहू द्यायचं ठरवत होत्या, आणि बाकीची तीनशे एकोणचाळीस माणसं एकामागून एक नव्या कप्प्यात येत होती. प्रत्येक नंबर त्या नावांच्या वहीशी ताडून बघत होत्या. जुन्या ओळखीची चाल असली की स्वतःशीच म्हणायच्या, "आलात? बसा."

साडेपाचला पेला तिच्या पायावर चढला. ती चालून बघायच्या दोन दांड्यांमध्ये उभी राहिली, चार पावलं गेली, चार पावलं आली. फूटपट्टी गुडघ्यांवर बसून बघत होता.

"कसं वाटतं?"

ती शेडमध्ये इकडे तिकडे बघत होती. मग तिला पट्टे शिवणाऱ्याच्या खिडकीखाली त्याचं पायमशीन दिसलं, आणि ती सरळ तिकडे चालत गेली, कुबडी भिंतीलाच ठेवून. "उठा जरा," ती त्याला म्हणाली. तो उठला. ती बसली, पाऊल मशीनच्या पायपट्टीवर ठेवलं, चाकाला हात दिला.

मशीन आधी अडखळलं. मग एक फेरा, दोन फेरे, आणि मग त्याने लय धरली. टाच, पंजा, टाच, पंजा. पट्टे शिवणारा आठ वर्षं त्या मशीनवर बसत होता, पण असा सलग आवाज आम्ही त्या मशीनमधून कधी ऐकला नव्हता. दहा मिनिटं झाली. साल निघायची ती वेळ. ती थांबली नाही. तिने शेजारचा एक तयार पट्टा उचलला, उलटा करून बघितला.

"हे शिवलंय की दोऱ्याने बांधून ठेवलंय?"

"साधाच पट्टा आहे, बाई," पट्टेवाला म्हणाला.

"साधा? हा माणसाच्या अंगावर राहणार ना दिवसभर? सरका." आणि तिने कात्रीने टाका उसवायला घेतला.

सहाच्या शेवटच्या बसचा भोंगा वळणावर वाजला. आम्ही सगळ्यांनी ऐकला. साहेबांनी घड्याळ बघितलं. आतोबा, ज्यांना बसचा भोंगा म्हणजे काय ते आमच्या सगळ्यांहून जास्त कळायचं, हळूच म्हणाले, "गेली." पण ते तिच्या मागे उभं राहून, तिला ऐकू जाणार नाही अशा आवाजात.

तिने शिवलेला पट्टा बाजूला ठेवला आणि मान वर न करता हात पुढे केला. "अजून आहेत का?"

आत्या खोलीला कुलूप लावून आल्या होत्या. त्यांनी पट्ट्यांची टोपली ओढून घेतली आणि, कोणाच्याही हाताखाली आयुष्यात काम न केलेली ती बाई, एकेक पट्टा सरळ करून तिच्या हातात द्यायला लागली.